दम आधी परततो, पाय मागाहून

बुलढाणा जिल्ह्यातील माणसे आपल्या जिल्ह्याची वाटणी तालुक्यांनी करण्याआधी घाटाने करतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सपाट, काळ्या मातीचा आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा मुलूख घाटाखालचा, तर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि खुद्द बुलढाणा हा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर व तिच्या दक्षिणेला पसरलेला, काहीसा थंड प्रदेश घाटावरचा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, मलकापूर आणि शेगावचे मैदान अडीचशे ते तीनशे मीटरांच्या दरम्यान आहे, आणि या दोन पातळ्यांना जोडणारा राजूर घाट मोताळ्याच्या बाजूला उतरतो. लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव आजारपणामुळे, दुखापतीमुळे, शेतीच्या हंगामामुळे किंवा घरातल्या अडचणीमुळे तुटला आणि तो पुन्हा जोडायला घेतला, तर या भूगोलाइतका परखड परीक्षक सापडणे कठीण. कारण घाटाखालच्या सपाट रस्त्यावर काही आठवड्यांतच छाती भरून श्वास घेता येऊ लागतो व आपण पूर्ववत झालो असे वाटते, आणि तोच माणूस घाट चढून पुन्हा उतरला की दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या त्याला जिना उतरू देत नाहीत. श्वास आणि पाय यांच्या परतण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात, या दोन वेळांमधल्या अवधीतच परतणाऱ्याला दुखापतीचे भय सर्वाधिक असते, आणि दमसास पुन्हा उभा करण्याचे बहुतेक शास्त्र या अवधीची बूज राखण्यात सामावलेले आहे.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर ओलांडून पुढे जाणाऱ्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. तीत पन्नास वा शंभर किलोमीटरच्या शर्यती येतात, तसेच बारा किंवा चोवीस तासांत जितके अंतर कापता येईल तितके कापण्याचे प्रकारही येतात. या शर्यतींमध्ये जगभर ज्येष्ठ मानली जाणारी दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स २४ मे १९२१ रोजी पीटरमारित्झबर्ग ते डर्बन या मार्गावर प्रथम झाली, तेव्हा ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले. ती सुरू करणारे विक क्लॅफम पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या उन्हात सुमारे २७०० किलोमीटर पायपीट केलेले सैनिक होते आणि युद्धात गेलेल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून त्यांनी सुमारे नव्वद किलोमीटरची ही धाव मागितली. म्हणजे आज भारतातूनही अनेक धावपटू ज्या शर्यतीसाठी वर्षभर तयारी करतात, तिच्या मुळाशी उन्हातल्या लांबलचक चालण्याची आठवण आहे. शरीराच्या दृष्टीनेही हे नाते खरे आहे. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या रूपात, साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम इंधन बाळगतात आणि त्यातून फार तर दोन हजार किलोकॅलरी ऊर्जा मिळते. साठ किलो वजनाच्या माणसाला धावताना दर किलोमीटरला साठेक किलोकॅलरी लागत असल्याने हा साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो. त्यापुढचे अंतर चरबी जाळण्याच्या क्षमतेवर, वाटेत खाल्लेले पचवण्याच्या सवयीवर आणि पायांच्या टिकाऊपणावर कापावे लागते, आणि या तिन्ही गोष्टी वेगाने धावून मिळत नाहीत. त्या दीर्घकाळ पायांवर राहूनच मिळतात.

सराव थांबला की काय घडते, याचे मोजमाप एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. दीर्घकाळ सराव केलेल्या सात जणांनी व्यायाम सोडल्यावर ८४ दिवसांपर्यंत त्यांच्या शरीराची तपासणी ठरावीक अंतराने केली गेली. कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, म्हणजे कमाल श्रमाच्या वेळी शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते प्रमाण, पहिल्या २१ दिवसांत सात टक्क्यांनी घसरले आणि ५६ दिवसांनंतर मूळच्या पातळीपेक्षा सोळा टक्के खाली येऊन स्थिरावले. यातली पहिली घसरण मुख्यतः रक्ताभिसरणाची असते: रक्तातला द्रव भाग कमी होतो, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त घटते आणि त्याच चालीला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. नंतरची घसरण स्नायूंतल्या तंतुकणिकांची, म्हणजे पेशींमध्ये इंधनापासून ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांची असते. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांची, म्हणजे रक्त थेट तंतूपर्यंत नेणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकांची दाटी तीन महिन्यांच्या खंडानंतरही टिकून होती. वर्षानुवर्षे पाय झिजवलेल्या माणसाने खंडानंतर स्वतःला नवशिका समजण्याचे कारण नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट होते, आणि सराव सुटल्यामुळे खचलेल्या प्रत्येकाला ती कोणीतरी सांगायला हवी.

पण परतण्याचा क्रम नीट ओळखला नाही तर हाच दिलासा घातक ठरतो. रक्ताचा द्रव भाग नियमित श्रमाने एक-दोन आठवड्यांत वाढतो. तंतुकणिकांची भर काही आठवड्यांत जाणवण्याइतकी होते. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळावतात, कारण त्यांना रक्तपुरवठा तोकडा असतो. पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड कंडरेचा गाभा तर वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ नव्याने बनतच नाही, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ मध्ये, अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा तपासून दाखवले. हाडाची रीत आणखी वेगळी आहे. वाढता भार पडला की हाड आधी आपला जुना भाग पोखरते आणि मग त्या जागी नवा भरते, हे चक्र पुरे व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि त्यामुळे नव्या सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड मजबूत होण्याऐवजी तात्पुरते दुबळेच असते. नडगीच्या किंवा पायाच्या पंजाच्या हाडाला वारंवारच्या आघाताने बारीक चीर पडते ती नेमकी याच काळात, जेव्हा धावणाऱ्याला आपला दम परत आल्याचा आनंद झालेला असतो. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी उरकणाऱ्या आणि मग पावसाने दडी मारल्यावर दुबार पेरणीच्या संकटात सापडणाऱ्या शेतकऱ्याची जी गत, तीच पहिल्या सुखावणाऱ्या श्वासावर विसंबून तीस-पस्तीस किलोमीटरची धाव मांडणाऱ्याची होते. वरची माती ओली झालेली असते, खाली ओल उतरलेली नसते.

या क्रमाचा मान राखणारी एक व्यवस्था बुलढाणा जिल्ह्यात शर्यतीचे नाव न घेता गेली अनेक वर्षे चालू आहे, ती म्हणजे शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची पंढरपूरची पायी वारी. १९६८ पासून आषाढी एकादशीसाठी निघणाऱ्या या पालखीबरोबर सुमारे सातशे वारकरी चालतात. शेगाव ते पंढरपूर हे सव्वासातशे ते साडेसातशे किलोमीटरचे अंतर ते साधारण महिनाभरात, अकोला, वाशीम, हिंगोली, परभणी, बीड, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांतून कापतात, आणि परतही पायीच येतात. परतीचा मार्ग वेगळा असून तो सिंदखेड राजा, लोणार, मेहकर अशा घाटावरच्या गावांतून खामगावला आणि तेथून शेगावला पोहोचतो. दोन्ही मिळून सुमारे तेराशे किलोमीटरची ही वाटचाल दोन महिन्यांची होते. चालणे आणि धावणे यांत फरक आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही: चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि पावलावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडाच अधिक असतो, तर धावताना तो वजनाच्या दुप्पट ते तिप्पट होतो. तरीही अल्ट्रामॅरेथॉनमध्ये चढावर चालणे ही जाणत्या धावपटूंची रीतच असते, शंभर किलोमीटरच्या पुढे तर बहुतेक सर्वांचे धावणे मधूनमधून चालण्यात विरते, आणि दिवसामागून दिवस पायांवर राहण्याची जी कसोटी अल्ट्राचा सराव घेऊ पाहतो, ती वारी निर्विवाद घेते.

या वारीच्या टप्प्यांकडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिले तर आश्चर्य वाटते. एकूण अंतराला दिवसांनी भागले तर रोजचे बावीस-तेवीस किलोमीटर पडतात, परंतु सुरुवात या सरासरीने होत नाही. शेगाव ते अकोला हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत असताना पालखी वाटेत मुक्काम करत तीन-चार दिवसांनी अकोल्यात पोहोचते, म्हणजे पहिले दिवस सरासरीपेक्षा बरेच हलके जातात आणि तेही पूर्णेच्या खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर. पातूरच्या पुढची चढण त्यानंतर येते. ही आखणी गावोगावच्या स्वागताच्या आणि मुक्कामाच्या सोयीने झालेली असणार, शरीराचा विचार तीत मुद्दाम केला असेलच असे नाही, पण शरीराला कारण कळण्याची गरज नसते, त्याला फक्त क्रम लागतो. पहिल्या दिवसांत तळव्याची कातडी निबर होते, घाम लवकर आणि पातळ येऊ लागतो, पोटऱ्यांना रोजच्या भाराची ओळख पटते. आणि रोज रात्री निजण्याचा, सकाळी पुन्हा उठून त्याच पायांवर उभे राहण्याचा परिपाठ बसतो. धावपटूंच्या परिभाषेत ज्याला लागोपाठच्या लांब धावा म्हणतात, म्हणजे शनिवारी दमेपर्यंत धावून रविवारी दमलेल्याच पायांनी पुन्हा मध्यम अंतर धावणे, त्या युक्तीचे हे महिनाभर ताणलेले रूप आहे. एकाच दिवशी साठ किलोमीटर धावण्यापेक्षा दोन दिवसांत तीस-तीस धावणे खंडानंतर परतणाऱ्यासाठी कितीतरी सुरक्षित असते, कारण दोहोंच्या मध्ये अन्न, पाणी आणि झोप येते, साठा पुन्हा अंशतः भरतो आणि थकलेल्या स्थितीत चालत राहण्याचा सराव मात्र तितकाच होतो. एका रविवारी किती मोठे अंतर धावले यावर आपल्या तयारीचा ताळा करण्याची धावपटूंमधली सवय या दृष्टीने सदोष आहे. आठवड्याची आणि महिन्याची सलगता त्या एका आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्ष देते.

कोविडच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी ही पायी वारी निघू शकली नाही आणि २०२२ च्या जूनमध्ये ती पुन्हा निघाली. खंड आणि पुनरारंभ यांचे याहून मोठे उदाहरण या जिल्ह्याच्या स्मरणात नाही. दरवर्षी जून आला की पाय आपोआप तयार होण्याची जी सवय वर्षानुवर्षे वारी करणाऱ्यांच्या अंगात मुरलेली असते, तिला दोन वर्षांची खोक पडली होती, आणि त्या दोन वर्षांत प्रत्येकाचे वयही दोन वर्षांनी वाढले होते. व्यायामशास्त्राच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांच्या खंडानंतर रक्ताभिसरणाची मिळकत जवळजवळ सगळी गेलेली असते. परंतु वारकऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत खंड वारीला पडला होता, श्रमाला पडला नव्हता. शेताच्या बांधावरून, वखरामागून, निंदणी-वेचणीच्या ओळींतून जे चालणे होते ते साथीतही थांबलेले नव्हते, आणि या रोजच्या, नोंद न होणाऱ्या चालण्याच्या पायावरच दीर्घ अंतराची क्षमता पुन्हा उभी राहते.

वारीची चाल किती असावी, हे कोणी घड्याळाने ठरवत नाही. ते अभंग ठरवतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर चालताना माणसाला पूर्ण ओळ गाता आली पाहिजे, आणि ज्या वेगाला पूर्ण ओळ गाता येते तो वेग शरीर ज्या मर्यादेखाली प्राणवायूच्या साहाय्याने चरबी जाळू शकते त्या मर्यादेच्या नक्कीच खाली असतो. श्रम त्या मर्यादेवर गेले की रक्तात आम्लता वाढते, ती बाहेर टाकण्यासाठी श्वासाची गती एकदम चढते, आणि मग वाक्य तुटते, गाणे तर सुटूनच जाते. आधुनिक प्रशिक्षक धावपटूंना सोबत्याशी बोलत धावण्याची जी साधी कसोटी सांगतात तिचे तत्त्व हेच आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आठशे मीटर आणि पाच हजार मीटर धावणाऱ्या आपल्या शिष्यांनाही आठवड्याला शंभर मैलांच्या घरात, बेताच्या वेगाने धावायला लावले, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल व मरे हालबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळवल्यानंतर जगाला या संथ पायाभरणीचे महत्त्व पटले. खंडानंतर परतणाऱ्याला संथपणाची सर्वांत अधिक गरज असते आणि त्यालाच तो सर्वांत जड जातो, कारण त्याच्या मनात जुन्या वेगाची आठवण ताजी असते. ज्याला जुना वेग आठवत नाही असा नवशिका या बाबतीत भाग्यवान म्हणायला हवा. आपल्याच जुन्या नोंदवहीशी रोज तुलना करणारा माणूस हळू धावण्याला अपमान समजतो, आणि ज्या सहा-आठ आठवड्यांत कंडरा व हाडे मुकाट्याने काम करत असतात त्याच काळात त्यांच्यावर वेगाचा आघात करतो. गाता येईल इतक्याच चालीने जाण्याची वारकऱ्यांची रीत या मोहातून माणसाला सहज सोडवते, कारण तेथे पुढे जाणे हे एकट्याचे कर्तृत्व नसते आणि रांग सोडून पुढे निघण्याला काही अर्थही नसतो.

परतीच्या वारीचा शेवटचा टप्पा, खामगाव ते शेगाव, सुमारे सतरा किलोमीटरचा आहे, आणि त्या दिवशी हजारो माणसे पालखीबरोबर चालायला येतात. त्यांच्या श्रद्धेत उणे काही नसते. फरक असतो तो पायांत. ज्याने तेराशे किलोमीटरमधले हे शेवटचे सतरा कापले आणि ज्याने वर्षातून एकदाच सतरा कापले, त्या दोघांच्या शरीरांनी एकाच रस्त्यावर वेगवेगळा दिवस काढलेला असतो. पहिल्याच्या तळव्याला फोड येत नाही, त्याची पोटरी आखडत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी चालायला सांगितले तर तो चालेल. दुसऱ्याला मात्र रात्री पायांत गोळे येतात आणि पुढचे दोन-तीन दिवस उठताना आधार घ्यावा लागतो. श्रद्धा किंवा निश्चय यांच्या जोरावर एक दिवस निभावतो, हे खरे आणि ते मोलाचेही आहे; परंतु अल्ट्रामॅरेथॉनची तयारी त्या एका दिवसाच्या निश्चयावर सोपवणे ही शरीराशी केलेली बेइमानी आहे.

आता पुन्हा घाटाकडे वळायला हवे, कारण पायांच्या तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग उताराचा असतो. चढताना श्वास फुलतो म्हणून चढणीचा धाक वाटतो, पण पायांचे नुकसान उतरताना अधिक होते. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो. लांबत लांबत केलेल्या या आकुंचनाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिचे दुखणे एक-दोन दिवसांनी कळसाला पोहोचते. कॉम्रेड्स शर्यत आलटून पालटून कधी समुद्राकडून चढावर तर कधी चढावरून समुद्राकडे धावली जाते, आणि उताराचे वर्ष पायांना अधिक महाग पडते, असे अनुभवी धावपटू सांगतात. पीटरमारित्झबर्गची उंची बुलढाणा शहराच्या उंचीशी मिळतीजुळती आहे, एवढा एक योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. सुदैवाने स्नायूंची शिकण्याची गती येथे वेगळी आहे: उताराची एक बेताची, थोड्या वेळाची फेरी झाली की पुढचे काही आठवडे तोच उतार स्नायूंना कितीतरी कमी इजा करतो. म्हणून परतणाऱ्याने राजूर घाट अथवा खामगावकडे उतरणारा बोथ्याचा घाट एकदम पुरा न उतरता त्याचा लहानसा तुकडा दर दहा-पंधरा दिवसांनी उतरावा, हे शहाणपणाचे. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, त्यामुळे तेथे एकट्याने आणि अंधारात सराव करू नये, ही सूचनाही शरीरशास्त्राइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी.

याच अभयारण्यात २०१९ च्या अखेरीस टी१सी१ या खुणेचा एक तरुण नर वाघ येऊन पोहोचला होता. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघून, महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत त्याने पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर अंतर कापल्याचे त्याच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यावरून समजले. तो बहुतेक रात्री चालला आणि दिवसा दडून राहिला. जन्मजात बळ असलेल्या प्राण्यानेही लांबची वाट उन्हाच्या वेळा टाळून आणि पुरेसा विसावा घेऊनच कापली, हे लक्षात राहावे.

ऊन हा घाटाखालच्या सरावाचा दुसरा विषय आहे. मे महिन्यात मलकापूर-शेगावच्या पट्ट्यात पारा चाळीसच्या बराच वर असतो, आणि वारीची तसेच जूनमधल्या शर्यतींची तयारी याच दिवसांत येते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात: रक्तातला द्रव भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी वाहून जाते. पण ही सवय ऊन सोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत ओसरते, म्हणून घाटावरच्या गारव्यात महिनाभर राहून आलेल्याने खाली येताच पूर्वीचेच अंतर धरू नये. पाण्याविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेचे टिमोथी नोक्स यांनी दाखवून दिले की लांब शर्यतीत गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम पातळ होऊन माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, बेशुद्ध पडू शकतो. अशा वेळी आणखी पाणी पाजणे जिवावर बेतते. तहान लागेल तसे पिणे, सोबत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, ताक, भाजलेले शेंगदाणे, गूळ असे काही ठेवणे आणि हे सारे शर्यतीच्या दिवशी प्रथमच न खाता सरावाच्या धावांतच पचवून पाहणे, हा तयारीचा तितकाच अवघड आणि तितकाच विसरला जाणारा भाग आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरींना खारे पाणी लागते, तेथे तर धावणाऱ्याने पिण्यायोग्य पाणी कोठे मिळेल ते मार्ग ठरवतानाच पाहून ठेवावे लागते.

या जिल्ह्यातल्या धावण्याविषयी लिहिताना लता भगवान करे यांचे नाव टाळता येत नाही. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या आणि पुढे बारामतीजवळ मजुरीसाठी गेलेल्या लताबाई साठी ओलांडल्यावर, पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी साडीत आणि अनवाणी, बारामतीतल्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरच्या, त्यांच्याच नावाच्या आणि त्यांनीच भूमिका केलेल्या मराठी चित्रपटाला सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्यासाठी विशेष उल्लेख मिळाला. त्यांच्या धावण्याला चमत्कार म्हणणे सोपे आहे, पण तसे म्हटल्याने चाळीस-पन्नास वर्षांच्या शेतमजुरीने त्यांच्या पायांत जे साठवले होते त्याची गणतीच होत नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले ज्या पिढीतून आले, त्या पिढीचा दमसासही असाच कष्टाच्या जमिनीतून वर आला होता; पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकरी मुलांना अनवाणी धावताना पाहूनच दोराबजी टाटांना भारतीय संघ पाठवण्याची प्रेरणा झाली होती. श्रमाने मिळालेली ही क्षमता वंदनीय आहे, पण ती निवडलेली नव्हती, आणि निवडीने धावणाऱ्या माणसाने हा फरक मनात ठेवला पाहिजे. आज जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात ती पोलीस भरतीसाठी. मुलग्यांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटरची परीक्षा असते, आणि सारा सराव त्या काही मिनिटांच्या जोरासाठी चालतो. भरती झाली किंवा वय निघून गेले की धावणे सुटते. त्यांतले कोणी तिशीत-चाळिशीत लांब अंतराकडे वळले तर पूर्वीचा तो जोर त्यांना पुरत नाही आणि त्याची आठवण त्यांना घाई करायला लावते; त्यांनी आपल्या आईच्या चालण्याकडून शिकावे असे बरेच आहे.

वय वाढल्यावर हे सारे कितपत परतते, या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर उपलब्ध आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर पडून राहायला लावले गेले आणि त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता चौथ्या हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना त्यांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षाही कमी निघाली. मग सहा महिने त्यांना चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे यांचा क्रमाक्रमाने वाढत जाणारा सराव दिला गेला, आणि तीस वर्षांत गमावलेली ती घट सगळी भरून निघाली. मात्र तरुणपणी, अंथरुणावरच्या त्या दिवसांनंतर दिलेल्या सरावाने गाठलेला कळस त्यांच्यापैकी कोणालाही पुन्हा गाठता आला नाही, आणि जे परत आले ते वेगळ्या वाटेने आले: हृदय पूर्वीपेक्षा अधिक रक्त ढकलू लागले नाही, तर स्नायू आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू काढून घ्यायला शिकले. स्नायूंचे हे शिकणे सहा महिन्यांचे होते. चिखली किंवा मेहकरच्या पन्नाशीतल्या माणसाला जूनमधली लांब शर्यत धरायची असेल, तर त्याने डिसेंबरात चालायला लागावे, संक्रांतीपर्यंत चालण्यातच मधूनमधून मिनिट-दोन मिनिटांचे धावणे मिसळावे आणि लागोपाठच्या लांब धावांचा विचार होळीनंतर करावा.